‘छाया : इंटरनेट’ हा माणूस कोण आहे?

इंटरनेट नावाचा कुणी फोटोग्राफर आहे का हो? असला तर तो महाराष्ट्रातला सगळ्यात कष्टाळू माणूस म्हणावा लागेल. कोणताही दिवाळी अंक उघडा, रविवारची पुरवणी उघडा. ताडोबातला वाघ त्यानंच टिपलेला, कासच्या पठारावरची फुलं त्याचीच, येलदरीच्या पाण्यावरची बदकंही त्याचीच. खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘छाया : इंटरनेट’. त्याला दोन भाऊ आहेत. एक ‘संग्रहित’, दुसरा ‘सौजन्य : सोशल मीडिया’. तिघं मिळून अर्ध्या मराठी नियतकालिकांची पानं भरतात आणि तिघांपैकी एकानंही आजपर्यंत मानधनाचा एक रुपया मागितलेला नाही. संपादकांना अजून काय पाहिजे?

हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

आपल्या पोखर्णीच्या पंचक्रोशीतला एक जण आहे. नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हणलंय. विहिरीच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान. दोन वर्षांच्या सोयाबीनच्या पट्टीतून थोडे थोडे पैसे बाजूला काढून त्यानं एक वापरलेला कॅमेरा आणि लांबचं ओढणारी लेन्स घेतली. घरात त्यावरून काय काय झालं ते त्याच्या बायकोला विचारा, मी सांगणार नाही. तर या गड्याच्या डोक्यात एकच फोटो होता, भोरड्यांचा.

भोरड्या म्हणजे काय ते गावाकडच्यांना सांगायला नको. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैनेच्या जातीची पाखरं. मध्य आशियातून आणि त्याच्याही पलीकडून हिवाळ्याला आपल्याकडं येतात आणि ज्वारी हुरड्यात आली की थव्यानं उतरतात. परभणी म्हणजे ज्वारीचा मुलूख, ‘परभणी मोती’ हे वाणच आपल्या कृषी विद्यापीठाचं. पूर्वी या दिवसांत घराघरातलं एक माणूस राखणीला असायचं, मचाणावर उभं राहून गोफण फिरवत. सोयाबीन आलं, ज्वारी मागं पडली, राखण संपत आली. कधीतरी एखाद्या शिवारात एखादा म्हातारा अजून मचाणावर दिसतो, एवढंच.

आमच्या या रिवाइंडिंगवाल्यानं तीन हिवाळे घालवले. मावळतीला थवा असा वळतो की आभाळात कुणी घोंगडी झटकावी. त्या घोंगडीखाली मचाण, मचाणावर म्हातारा, आणि डोक्यावर फिरलेली गोफण. हे सगळं एका चौकटीत. तिसऱ्या वर्षी जमलं. मी तो फोटो पाहिला तेव्हा दोन मिनिटं काही बोललो नाही. पत्रकार माणूस दोन मिनिटं गप्प बसला यावरून काय ते समजून घ्या.

त्यानं तो निसर्गप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो गेला आणि गेलाच. एका शहरातल्या एका दिवाळी अंकात (नाव घेत नाही, अंक माझ्या टेबलावर आहे) स्थलांतरित पक्ष्यांवरच्या लेखाला दोन पानं भरून छापला. खाली काय? ‘छाया : इंटरनेट’. आणि फोटोओळ? ‘सोलापूर जिल्ह्यातील माळरानावरील एक रम्य संध्याकाळ’.

परभणी तालुक्यातली ज्वारी एका रात्रीत सोलापूरचं माळरान झाली. पिकाखालच्या रानाला माळरान म्हणणारा माणूस निसर्गविशेषांक काढतो, हा आणखी वेगळा विषय.

त्यानं फोन केला. पलीकडून काय उत्तर आलं ते शब्दाला शब्द सांगतो, कारण फोन माझ्यासमोर स्पीकरवर होता. “अहो, तुमचा फोटो आमच्या अंकात आला, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे.” तो म्हणाला, “आनंद झालाच सर, पण नाव?” “पुढच्या वेळी बघू. अजून फोटो असतील तर पाठवून ठेवा.” मग यानं चाचरत विचारलं की अंकाची एखादी प्रत मिळेल का. “स्टॉलवर उपलब्ध आहे.”

म्हणजे स्वतःचा फोटो बघायला गड्यानं स्वतःच्या खिशातून अंक विकत आणला. आणि मला म्हणतो कसा, “जाऊ द्या भाऊ. फोटो तर आला ना.”

माझं भांडण या ‘जाऊ द्या’शी आहे. त्या संपादकाशी आहे त्याच्यापेक्षा जास्त आहे.

मी वर्तमानपत्राचा डेस्क पाहिलेला आहे. रात्री साडेदहाला पान सोडायचं असतं, मजकूर कमी पडतो, तीन कॉलमचा खड्डा दिसतो आणि उपसंपादक ग्रुपमध्ये शोधायला लागतो. दैनिकाचं हे एकवेळ समजू शकतो, माफ नाही पण समजू शकतो. दिवाळी अंकाची तयारी आषाढात सुरू होते. चार महिने. चार महिन्यांत एक फोन करायला वेळ मिळत नाही? जाहिरातदाराचं नाव चुकलं तर अंक थांबवून दुरुस्ती होते. कवीचं नाव चुकलं तर कवी कार्यालयात येऊन बसतो. फोटोवाल्याचं नाव चुकत नाही, कारण ते कुणी विचारलेलंच नसतं.

आता कायदा. मी वकील नाही, पण हे एवढं साधं आहे की वकील लागत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. फोटो ही त्यात ‘कलाकृती’ आहे आणि ज्यानं काढला तो तिचा कर्ता. नोंदणी करावी लागत नाही, शिक्का मारावा लागत नाही, बटण दाबलं त्या क्षणी हक्क तयार. पगारी फोटोग्राफरनं नोकरीत काढलेला फोटो छापण्यापुरता वृत्तपत्राच्या मालकाचा होतो, तसंच कुणी पैसे देऊन काढून घेतला तर त्याचा. आपला हौशी गडी यातल्या कशातच बसत नाही. तो कुणाचा पगारी नाही, त्याला कुणी पैसे दिले नाहीत, म्हणून फोटो शंभर टक्के त्याचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. ‘ग्रुपवर टाकला म्हणजे दिला’ असं कायद्यात कुठंही नाही. कलम ५७ तर त्याच्याही पुढं जातं. हक्क विकून टाकला तरी ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडंच राहतो. चालू घडामोडीची बातमी देण्यापुरती सवलत आहे, मान्य. दिवाळी अंकातली दोन पानी भोरड्यांची रंगीत जोडणी ही कोणती चालू घडामोड? आणि जाणूनबुजून हक्क मोडला तर कलम ६३ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, तेही सांगून ठेवतो. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण ज्याला संपादक ‘आम्ही तुम्हाला प्रसिद्धी दिली’ म्हणतात त्याला कायदा काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं.

एका माकडानं फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यानं स्वतःचे फोटो काढले, तर त्याचे हक्क माकडाचे की माणसाचे यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं खटला चालला. २०१८ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की माकडाला कॉपीराइटचा दावा करता येत नाही. तिथं माकडाचं म्हणणं मांडायलासुद्धा वकील उभे राहिले. आपल्याकडं रिवाइंडिंगवाल्याचं म्हणणं स्टॉलवर उपलब्ध आहे.

संपादकांची बाजूही ऐकलेली आहे. “अंक काढणं परवडत नाही हो, जाहिराती नाहीत, कागद महागला.” खरंय, परवडत नाही. पण कागदवाला ‘तुमचं नाव छापतो’ म्हटल्यावर फुकट रीम देतो का? छापखान्याला ‘प्रसिद्धी देतो’ म्हटलं तर मशीन सुरू होतं का? बाइंडिंगवाल्याला पैसे, टेम्पोवाल्याला पैसे, स्टॉलवाल्याला कमिशन. तोट्याचा सगळा भार नेमका एकाच माणसावर का, ज्यानं थंडीत तीन हिवाळे काढले? नसतील पैसे तर नाही म्हणून सांगा, आधी विचारा, नाव छापा, दोन प्रती पोस्टानं पाठवा. एवढ्यावर शंभरातले नव्वद जण आनंदानं फोटो देतील. न विचारता घेणं आणि विचारून फुकट घेणं यात केवढा फरक आहे हे शेतकऱ्याला विचारा. शेजाऱ्यानं मागितला तर आपण हुरडा पोतंभर देतो, न विचारता दोन कणसं मोडली तर भांडण होतं.

‘हौशी’ या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय बघा. हौशी म्हणजे फुकटा. जगात रानटी जनावरांचे फोटो मासिकात गाजायला सुरुवात झाली ती एका हौशी माणसापासून. जॉर्ज शिरास, अमेरिकेतला वकील, एकदा तिथल्या संसदेत निवडूनही गेलेला. रात्री होडीत बसून, फ्लॅश उडवून हरणांचे फोटो काढायचा. जुलै १९०६ च्या नॅशनल जिऑग्राफिकनं त्याचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा जंगल खात्याचा अधिकारी, नोकरी वेगळी, फोटो हौसेचा. रानवाटेवर तार लावून ठेवायचा, वाघाचा पाय लागला की कॅमेरा उडायचा. त्याचे वाघ १९२५ साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकले. शंभर वर्षं झाली. त्यांची नावं आपल्याला आज माहीत आहेत, कारण तेव्हाच्या संपादकांनी ती छापली. त्यांच्या फोटोखाली ‘संग्रहित’ लिहिलं असतं तर आज मी काय लिहिलं असतं?

पण खरा मुद्दा नावाच्या आणि पैशाच्या पुढचा आहे. नाव गेलं तर एका माणसाचं नुकसान होतं. गाव आणि तारीख गेली तर सगळ्यांचं होतं.

वनपिंगळ्याची गोष्ट ऐका, आपल्याच राज्यातली आहे. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलंच नव्हतं, संपलं असंच लोक समजत होते. मधल्या काळात एकच नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मारून आणला असं त्यानं नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेतला गेला, कुणाला काही सापडलं नाही. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले आणि लक्षात आलं की हा गडी चोर होता. दुसऱ्यानं खानदेशात पकडलेला जुना नमुना संग्रहालयातून उचलून, थोडा दुरुस्त करून, त्यानं स्वतःच्या नावाची आणि खोट्या गावाची चिठ्ठी डकवली होती. बाईंनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा डोळ्यांनी पाहिला. फोटो आणि व्हिडिओ काढले. ११३ वर्षांनी.

एका खोट्या चिठ्ठीनं पक्षी हरवला, खऱ्या चिठ्ठ्यांनी सापडला. आता सांगा, परभणीच्या भोरड्यांखाली ‘सोलापूर जिल्हा’ लिहिणारा उपसंपादक माइनर्ट्झहागेनपेक्षा किती वेगळा? तो चोर होता, हा आळशी आहे, एवढाच फरक. फोटोओळीचा परिणाम दोन्हीकडं सारखाच.

उलट उदाहरणही आहे. मुंबईचे नयन खानोलकर. आरे कॉलनीतल्या वारली वस्तीच्या बोळातून रात्री चालत येणारा बिबट्या त्यांनी कॅमेरा लावून अनेक महिन्यांच्या धीरानं टिपला. २०१६ साली लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात तो पहिला आला आणि जगभर छापला गेला. प्रत्येक ठिकाणी नाव आणि जागा, दोन्ही. म्हणून आरेत बिबट्या राहतो हे नाकारायची सोय कुणाला राहिली नाही. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरच्या काजव्यांच्या झाडाला २०२० मध्ये त्याच स्पर्धेत गौरव मिळाला, तिचंही नाव आणि गाव जगाला कळलं. याच फोटोंखाली ‘बिबट्या (संग्रहित)’ आणि ‘काजवे (छाया : इंटरनेट)’ असं असतं तर? रद्दीत गेले असते.

आणि आपल्याकडं गरज जास्त आहे. मुंबईला अभ्यासक आहेत, संस्था आहेत, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून आहे. परभणी जिल्ह्यात कोण मोजायला येतं? येलदरीवर हिवाळ्यात किती बदकं उतरतात, निम्न दुधनाच्या पाण्यावर काय येतं, गंगाखेडजवळ गोदावरीत वाळू उपसल्यावर नदीकाठची पाखरं कुठं गेली, काळविटांचे कळप कोणत्या शिवारातून कोणत्या शिवारात सरकले? याचं कागदावर जे काही आहे त्यातलं बरंचसं अशाच हौशी लोकांच्या मेमरी कार्डात आहे. कुणी मास्तर, कुणी मेडिकलवाला, कुणी महावितरणमधला, कुणी रिवाइंडिंगवाला. नांदूर मधमेश्वरला २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून मान मिळाला. तसा मान देताना जे निकष लावतात त्यातला एक असा आहे की तिथं नेमानं वीस हजारांवर पाणपक्षी असावेत. ‘नेमानं’ हे सिद्ध करायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. उद्या येलदरीसाठी काही मागायचं ठरलं तर आपण काय दाखवणार? ‘छाया : इंटरनेट’?

आता थोडं आपल्या फोटोवाल्या मित्रांना. रागावू नका.

फोटो मासिकात यावा म्हणून घरट्यापुढच्या फांद्या छाटणारे मी पाहिलेत. पिल्लं उन्हात उघडी पडतात, शिक्रा येतो, काम खल्लास. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला दिवसभर नाचवणारेही पाहिलेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ काढून वाचा. पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच बसवलंय. बंदूक लागत नाही, फांदी छाटायची कात्री पुरते. बऱ्याच चांगल्या स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. आपले मराठी अंक मात्र मुखपृष्ठावर चोच उघडलेली पिल्लं छापतात आणि हा फोटो कसा काढला असं एका शब्दानं विचारत नाहीत. विचारतील कुठून? फोटोग्राफरशी बोलणंच झालेलं नसतं. नाव न विचारण्याची सवय आणि ‘कसा काढला’ न विचारण्याची सवय एकच आहे.

दुसरं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फोटो टाकला की तो दाबून लहान होतो आणि आत लपलेली तारीख, कॅमेऱ्याची माहिती सगळी पुसली जाते. तिथंच तुमचा फोटो पोरका होतो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल कुणालाही देऊ नका, भांडण झालं तर तोच तुमचा सातबारा. फोटोच्या कोपऱ्यात नाव, महिना आणि तालुका घाला. तालुका म्हणतोय, झाड नाही. घरट्याची, गुहेची, खोकडाच्या बिळाची नेमकी जागा कुणालाच सांगू नका, संपादकालाही नाही, मलाही नाही.

आणि ‘नाव आलं तरी पुरे’ हे म्हणणं बंद करा. तुम्हाला पुरत असेल, तुमचं दुकान चालू आहे. पण तुमच्या मागून येणारं एखादं पोरगं डिप्लोमा करून यावरच पोट भरायचं म्हणत असेल, तर तुमच्या फुकट फोटोनं त्याचं दार बंद होतं. संपादक त्याला म्हणतो, “आम्हाला तर लोक फुकट देतात.” ते ‘लोक’ म्हणजे आपण.

जिल्ह्यातल्या दैनिकांच्या आवृत्त्या, इथले साप्ताहिकवाले, दिवाळी अंकवाले, यातले निम्मे माझ्या मित्रयादीत आहेत आणि हे वाचतायत. काहींना राग येईल. येऊ द्या. मी फार मागत नाही. फोटोखाली माणसाचं नाव, महिना, तालुका. छापायच्या आधी एक फोन. छापल्यावर दोन प्रती. अंकाला जाहिराती मिळाल्या असतील तर मानधन, किती ते तुम्ही ठरवा, पण पाकिटावर त्याचं नाव लिहून. आणि फोटो कुणाचा ते खरंच सापडत नसेल तर तो छापू नका, जागा मोकळी सोडा. एक अंक तसा काढून बघा, मोकळ्या चौकटींसकट. वाचकच विचारतील.

या दिवाळीत ज्यांचे फोटो नावाशिवाय छापून आलेत त्यांनी त्या पानाचा फोटो आणि मूळ फाइलची तारीख मला इनबॉक्स करा. परभणी, हिंगोली, नांदेड, कुठलाही जिल्हा चालेल. संपादकाला पाठवायचं पत्र मी लिहून देतो, सही तुमची. पोस्टाचा खर्च माझ्याकडून.